जानेवारीत नाशिकहून काझा: साधी डिझेल गाडी नेता येईल का? चेन, डिझेल आणि बर्फाचा रस्ता

पाथर्डीफाटा

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे नाशिकहून हिमाचलातल्या स्पितीला निघतोय. गाडी डिझेल, बीएस-६, फोर बाय फोर नाही, पुढच्या चाकांवर चालणारी. टायर २१५/६० आर १६, तीस हजार किलोमीटर झालेले. हाताशी दहा दिवस. बेत असा: दोन दिवसांत चंदीगड, तिसऱ्या दिवशी रेकाँग पिओ, चौथ्या दिवशी काझा. तिथे दोन दिवस राहून लांगझा, हिक्कीम, कोमिक आपल्याच गाडीने. मग कुंझुम उतरून अटल बोगद्यातून मनाली आणि परत.

विचारायचं ते असं. चेन घ्यायची तर कोणती, आणि चारही चाकांना लागते का? डिझेल गोठतं म्हणतात, त्याला काय करायचं? टायरमध्ये हवा किती ठेवायची? रस्त्यावर टाकायला जाड्या मिठाची गोणी नेली तर उपयोग होतो का?

---

स्पितीवारी

आधी बेतच बदला, सामान नंतर.

हिवाळ्यात कुंझुम बंद असतो. साडेचार हजार मीटरच्या वरची खिंड आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फ पडला की बंद, ती मे-जूनमध्ये उघडते. अटल बोगदा रोहतांगच्या खालून जातो, कुंझुमच्या नाही. बोगद्यातून हिवाळ्यात सिस्सू, केलाँगकडे जाता येतं, काझाकडे नाही. त्यामुळे ज्या रस्त्याने जाल त्याच रस्त्याने परत: शिमला, रामपूर, पिओ, खाब, नाको, ताबो, काझा.

दुसरं, दिवस. चंदीगड ते पिओ साधारण ३४० किलोमीटर, सगळा डोंगर. जानेवारीत हे एका दिवसात करायचं म्हणजे शेवटचे दोन-तीन तास अंधारात, आणि बर्फाच्या रस्त्यावर अंधार म्हणजे निव्वळ मूर्खपणा. मुक्काम असे पाडा: रामपूर (सुमारे १००० मीटर, इथे बर्फाचा त्रास सहसा नाही), मग पिओ (२३०० च्या आसपास), मग ताबो (३२८० च्या आसपास), मग काझा (३६०० च्या वर). उंचीची सवयही याच क्रमाने होते. पिओ ते काझा दोनशेहून थोडं जास्त अंतर आहे. उन्हाळ्यात एका दिवसात जमतं, जानेवारीत मध्ये ताबो घ्याच.

दहा दिवसांत हे बसत नाही. अठरा लागतील, आणि त्यातले दोन कोरे ठेवा, कुठलंही बुकिंग न करता. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची हवा, आला की दोन-तीन दिवस रस्ता बंद राहणं ही तिथली रोजची गोष्ट आहे. रजा दहाच दिवसांची असेल तर चंदीगडपर्यंत रेल्वेने जा आणि पुढे तिथली गाडी-ड्रायव्हर घ्या. यात कमीपणा काही नाही.

अडणाऱ्या जागा दोन. पहिली कुफरी ते नारकंडा. नारकंडा २७०० मीटरवर आहे आणि शिमल्यात पाऊस असेल तेव्हा तिथे बर्फ असतो. ते बंद असेल तर रामपूरकडची वाहतूक धामी, बसंतपूर, किंगलमार्गे सतलजच्या काठाने वळवतात. लांब पडतं, पण उंची कमी. शिमल्यात शिरण्याआधीच चौकशी करा. एकदा शिमल्याबाहेर ढलीच्या पुढच्या रांगेत सापडलात की मागे फिरता येत नाही.

दुसरी नाकोजवळचा मलिंग नाला. उन्हाळ्यात तिथे दरड येते, हिवाळ्यात नाल्याचं पाणी रस्त्यावर पसरून थरावर थर गोठतं. दुपारी वरचा थर वितळतो आणि बर्फाच्या लादीवर पाणी अशी अवस्था होते. ही सर्वांत वाईट वेळ. तिथे सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास पोचा. ऊन जोर धरलं की वरून दगडही सुटतात, म्हणून नाल्यापाशी फोटोसाठी थांबायचं नाही.

लांगझा, हिक्कीम, कोमिक चार हजार तीनशे-चारशे मीटरच्या वर आहेत आणि चढ हेअरपिनचा आहे. तिथे तुमची गाडी नेऊ नका. काझातून स्थानिक गाडी घ्या. त्या ड्रायव्हरला कोणत्या वळणावर सावली किती वाजता येते ते माहीत असतं, आणि खरी माहिती तीच.

---

घाटमाथा

वर वेळेचं आलंय, त्याचं कारण सांगतो. आपल्याकडे कसाऱ्याच्या घाटात धुकं असतं, पावसाळ्यात चिखल असतो, पण टायर रस्त्याला धरून असतो. बर्फावर तो भरवसाच नाही.

ताज्या बर्फाला सगळे घाबरतात, पण त्यात टायर रुततो, काहीतरी पकडतो. गाड्यांच्या चाकांनी दाबून गुळगुळीत झालेला बर्फ त्याहून वाईट. आणि डांबरावर गोठलेला पाण्याचा पातळ थर, ज्याला ब्लॅक आइस म्हणतात, तो सर्वांत वाईट. तो दिसतच नाही. ओळखायची खूण एकच: गाडीतला थर्मामीटर उणे दाखवतोय आणि पुढचा रस्ता ओला दिसतोय, तर तो ओला नाही, गोठलेला आहे. टायरचा आवाज एकदम बंद झाला किंवा स्टिअरिंग हलकं लागलं तर तुम्ही त्याच्यावर आधीच चढलात. पूल, सावलीतली वळणं आणि जिथे नाला रस्ता ओलांडतो त्या जागा डोक्यात ठेवा.

हिशेब बघा. ताशी ३० च्या वेगात कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून गाडी पाच मीटरच्या आसपास थांबते. दाबलेल्या बर्फावर पंधरा ते अठरा मीटर. काचेसारख्या गोठलेल्या थरावर, घर्षण ०.१ धरलं, तर ३५ मीटर. हे सपाटीवर. उतार दहात एक असेल आणि घर्षणही ०.१ च असेल, तर ब्रेक कितीही दाबा, गाडी थांबतच नाही, कारण उतार जेवढा ओढतो तेवढंच टायर धरतो. एबीएस इथे चाक लॉक होऊ देत नाही एवढंच. अंतर कमी करणं त्याच्या हातात नाही.

म्हणून उतार लागण्याआधीच गाडी पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये घ्या आणि गिअरवर सोडा. क्लच दाबायचा नाही. ब्रेक लागलाच तर सरळ भागात, हलका. वळणात ब्रेक नाही. वळणात पुढचं सरकायला लागलं तर स्टिअरिंग आणखी पिळू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग थोडं सरळ करा, टायरने पुन्हा पकड घेतली की वळवा. चढाला दुसऱ्या गिअरमध्ये उठवा आणि मध्ये थांबू नका. पुढची गाडी वर पोचेपर्यंत खालीच उभे राहा.

समोरून गाडी आली तर चढणाऱ्याला आधी वाट. बाजूला घेताना दरीकडच्या बर्फाच्या ढिगावर चाक घालू नका. डोझर बर्फ ढकलून कडेला लावतो, तो ढीग रस्त्याच्या कडेपलीकडे लोंबतो आणि खाली आधार नसतो. दिसायला मात्र रस्ता एक मीटर रुंद झाल्यासारखा वाटतो.

चेन. पुढच्या चाकांची गाडी म्हणजे पुढच्या दोन चाकांना. जोडी एक पुरे, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: पुढची चाकं धरतात आणि मागची मोकळी राहतात, त्यामुळे उतारावर ब्रेक मारलात तर मागचं बूड फिरतं. चेन घातली म्हणून वेग वाढवायचा नाही, ३० हीच मर्यादा.

चेन टायरवर लिहिलेल्या मापाचीच हवी, ‘सगळ्या एसयूव्हींना बसते’ असली नको. शिडीसारख्या आडव्या साखळ्यांची स्वस्त मिळते. ती पुढे-मागे धरते, आडवी घसरते. चौकडीच्या, म्हणजे डायमंड जाळीच्या चेनने स्टिअरिंगही धरतं, पैसे तिच्यावर घाला. घेण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडून बघा. काही गाड्यांत टायर आणि सस्पेन्शनच्या मध्ये जागा इतकी कमी असते की जाड साखळी आतून ब्रेकची नळी घासते. कडीची जाडी किती चालते ते तिथे दिलेलं असतं. प्लास्टिकचे पट्टे आणि कापडी मोजे अडकलेली गाडी बाहेर काढण्यापुरते ठीक, पन्नास किलोमीटर चालवायला नाहीत.

घालायची रीत:

चेन जमिनीवर पसरून पीळ काढा. हुकांची टोकं टायरकडे नकोत, बाहेरच्या बाजूला हवीत, नाहीतर साइडवॉल चिरते. चाकामागून ओढून वरून टाका, आतल्या बाजूचा हुक आधी, बाहेरचा नंतर. ताण द्या. मग गाडी पन्नास-शंभर मीटर हळू चालवा, थांबा, पुन्हा ताण द्या. हा दुसरा ताण बहुतेक जण देत नाहीत आणि चेन तिथेच तुटते किंवा मडगार्डला झोडपायला लागते. कोरडं डांबर लागलं की काढा. डांबरावर कड्या झिजून तुटतात.

हे सगळं नाशिकलाच, पार्किंगमध्ये, हातमोजे घालून दोनदा करून बघा. उणे दहात, गुडघ्याखाली बर्फ असताना पहिल्यांदा सूचनापत्रक वाचायची वेळ येऊ नये. सोबत दोन जोडकड्या, पक्कड, बांधायची तार आणि बसायला रबरी चटईचा तुकडा.

मीठ नेऊ नका. साधं मीठ उणे नऊ-दहाच्या खाली जवळपास निकामी होतं, आणि काझाची रात्र उणे वीसपर्यंत जाते. अर्धवट वितळलेलं पाणी पुन्हा गोठून आणखी गुळगुळीत होतं. तिथले लोक बुखारीतली (खोली तापवायच्या शेगडीतली) राख आणि माती टाकतात, तेच करा. दहा किलो कोरडी वाळू किंवा बारीक कच पुरते. एक लोखंडी फावडं, लहान दांड्याचं.

---

सातपूर_गॅरेज

इंजिनाचं मी घेतो.

डिझेल: आपल्याकडच्या डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत त्याचे कण धरतात आणि फिल्टर बुजतो. भारतीय मानकात हिवाळी डिझेलची फिल्टर बुजण्याची मर्यादा ६ अंश आहे, उन्हाळी डिझेलची १८. म्हणजे मैदानात भरलेल्या टाकीला उणे पंधराचं काहीच माहीत नसतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. काझाच्या पंपावर हिवाळी प्रत आहे का, हे आधी फोन करून विचारा. असेल तर तेच भरा.

रस्त्यात करायचं ते असं: पिओच्या खाली पोवारीला टाकी भरा, त्यापुढे काझापर्यंत पंपाचा भरवसा धरू नका. भरण्याआधी रिकाम्या टाकीत अँटी-जेल अॅडिटिव्ह ओता, बाटलीवरच्या प्रमाणात, म्हणजे डिझेलच्या धारेने ते मिसळतं. मेण धरल्यावर ओतलं तर काही होत नाही, ते आधीचं औषध आहे.

केरोसीन मिसळायचा सल्ला हमखास मिळेल. जुन्या पंपाच्या गाड्यांना ते चालायचं. बीएस-६ च्या कॉमन रेल पंपाला डिझेलचंच वंगण लागतं. केरोसीनने ते कमी होतं, पंप घासतो, लोखंडाचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो. खर्च गाडीच्या किमतीला लाजवेल असा.

लक्षणं ओळखा. सेल्फ जोरात फिरतोय, गाडी सुरू होते, दोन-चार मिनिटांत ताकद जाते आणि बंद पडते: हा फिल्टर बुजलाय, बॅटरी नाही. सेल्फ मारत राहू नका, नाहीतर बॅटरीही जाईल. फिल्टरवर गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा, गाडी उन्हात घ्या, वेळ द्या. टाकीखाली स्टोव्ह किंवा शेगडी ठेवणारे दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. एक नवा डिझेल फिल्टर आणि तो खोलायचा पाना सोबत ठेवा.

अॅडब्लू (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रव) लागणारी गाडी असेल तर ते उणे ११ ला गोठतं आणि फुगतं. त्याची टाकी काठोकाठ भरू नका. बहुतेक टाक्यांना हीटर असतो, गाडी चालली की वितळतं.

कूलंट: नाशिकच्या गाड्यांचा खरा रोग हा आहे. उन्हाळ्यात कुणीतरी रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतलेलं असतं. ५०-५० मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं, एक तृतीयांश कूलंट असेल तर उणे १७-१८ पर्यंतच. ‘जास्त थंडी म्हणून सगळंच कूलंट’ हेही चूक, कारण निव्वळ ग्लायकॉल (कूलंटचं मूळ द्रव्य) उणे १३ च्या आसपासच गोठतं. गॅरेजात रिफ्रॅक्टोमीटरचा एक थेंब लावून आकडा बघून घ्या. पाणी निघालं तर पूर्ण काढून डिस्टिल्ड पाण्यात नवं भरा.

ऑइल: १५डब्ल्यू-४० असेल तर त्याची चाचणी उणे २० पर्यंतची, ५डब्ल्यू-३० ची उणे ३० पर्यंतची. तुमच्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० चालत असेल तर निघण्याआधी बदला.

बॅटरी: उणे १८ ला ताकद निम्मी होते आणि इंजिनला ती नेमकी जास्त लागते. तीन वर्षं झालेली असेल तर इथेच लोड टेस्ट करा. भरलेली बॅटरी गोठत नाही, उतरलेली उणे दहाच्या आसपास गोठते आणि खोकं फुटतं. रात्री आधी ऋण, मग धन टर्मिनल सोडून बॅटरी खोलीत न्या. १० नंबरचा पाना पुरतो. काही गाड्यांत त्यानंतर पॉवर विंडो आणि स्टिअरिंगचं सेटिंग पुन्हा करावं लागतं, ते आधी विचारून घ्या.

रात्री हँडब्रेक ओढू नका, वायर आणि लायनर गोठून चिकटतात. पहिला गिअर आणि चाकांना दगड. वायपर काचेपासून उचलून ठेवा. काच धुवायच्या टाकीत साध्या पाण्याऐवजी उणे तापमानाचं वॉशर लिक्विड. सकाळी काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, तडा जातो. गाडी घराच्या भिंतीला चिकटून लावू नका. स्पितीतली घरं सपाट मातीच्या छपरांची आहेत, बर्फ पडला की सकाळी सगळे छपरावर चढून लाकडी फावड्याने तो गल्लीत ढकलतात. तो नेमका बोनेटवर येतो.

---

द्राक्षबाग_निफाड

टायरच्या हवेचं कुणी लिहिलं नाही. थंडीने दर पाच-सहा अंशांना एक पीएसआय उतरतो. नाशिकच्या २५ अंशांवरून उणे १५ म्हणजे सात पीएसआय गेले. निघतानाच ४० भरून ठेवा.

---

घाटमाथा

४० नको. अर्धाच हिशेब झालाय. थंडीने सात उतरतात हे बरोबर, पण गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. नाशिक सहाशे मीटरवर, काझा ३६०० च्या वर. तिथे बाहेरचा दाब चार-साडेचार पीएसआयने कमी आहे, तेवढं गेज जास्त दाखवतं. नाशिकला ३३ भरलेला टायर काझाला सकाळी ३१ च्या आसपास दिसेल. दारावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तोच ठेवा, गेज सोबत ठेवा आणि सकाळी टायर थंड असताना मोजा. ४० भरलेला टायर बर्फावर मधल्या पट्टीवर उभा राहतो, पकड आणखी जाते.

टायर कमी फुगवून पकड वाढते हे वाळूचं गणित. दाबलेल्या बर्फावर त्याचा फायदा नाही, उलट चेन ढिली होते. आणि ट्रेड बघा: कायद्याने १.६ मिलिमीटर चालतं, बर्फाला चार तरी हवेत. तीस हजारांचा टायर मोजूनच निघा.

---

पाथर्डीफाटा

कुंझुमची चूक वेळेत कळली. रजा वाढवून अठरा दिवस होतायत. बेत आता: तीन दिवसांत चंदीगड, मग रामपूर, पिओ, ताबो, काझा, त्याच रस्त्याने परत. वरची गावं स्थानिक गाडीने. मीठ रद्द, डायमंड चेन घेतोय. एकच राहिलं: रस्ता खुला आहे की नाही हे रोज कुणाला विचारायचं? आणि मध्येच अडकलो तर?

---

स्पितीवारी

रस्ता सीमा सडक संघटनेच्या ताब्यात आहे, पण त्यांना फोन करण्यापेक्षा पुढच्या मुक्कामाच्या होमस्टेवाल्याला सकाळी आठला फोन करा. पिओहून काझाची हिमाचल परिवहनची बस सुटली का, हाही चांगला निकष. बस अडली असेल तर तुम्ही निघू नका. जिल्ह्याचा आपत्ती क्रमांक १०७७. हवामान खात्याचा हिमाचलचा अंदाज पाच दिवस आधीपासून बघत राहा. किन्नौर, लाहौल-स्पितीला नारिंगी इशारा आला की आहात तिथेच थांबायचं, ‘पोचून घेऊ’ म्हणून पळायचं नाही. सिम बीएसएनएलचं एक ठेवा.

निघायचं साडेनऊ-दहाला (मलिंग नाल्याच्या दिवशी मात्र उजाडताच), मुक्कामावर साडेतीनपर्यंत. सूर्य मावळायच्या कितीतरी आधी दरीतून ऊन जातं आणि वितळलेलं पाणी अर्ध्या तासात पुन्हा काच होतं. निफाडचा पारा पाचवर आला की आपल्याकडे बातमी होते. तिथे दुपारसुद्धा उणे असते.

अडकलात तर गाडीतच राहा. हीटरसाठी इंजिन सुरू करण्याआधी उतरून सायलेन्सरचं तोंड फावड्याने मोकळं करा. ते बर्फात बुजलं असेल तर धूर आत येतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तासाला दहा मिनिटं इंजिन, एक काच बोटभर उघडी. मुक्कामाच्या खोलीत कोळशाची अंगीठी घेऊन झोपायचं नाही, कारण तेच. धुरांडं असलेली बुखारी चालते. चार जणांची चार घोंगडी किंवा स्लीपिंग बॅग, दोन दिवसांचं कोरडं खाणं, थर्मासमध्ये गरम पाणी. बाटल्यांतलं पाणी गोठतं, म्हणून त्या पायापाशी ठेवा, डिकीत नाही.

---

सातपूर_गॅरेज

डिकीवरून आठवलं. टोचनचा दोर, फावडं आणि चेन सामान भरताना सर्वांत शेवटी, म्हणजे वरती. टोचनचा हुक बंपरमध्ये फिरवून बसवायचा असेल तर तो टूलकिटमध्ये आहे का ते आज बघा, सेकंडहँड गाड्यांत तोच गायब असतो. बऱ्याच गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून घट्ट होतो.

---

पाथर्डीफाटा

बघितला. नाहीये.